कासम मुकादमचा नकार

१

कासम मुकादमच्या रक्तात गुप्तरोग सापडल्याची बातमी त्याच्या बायकोच्या आधी मेसमध्ये भांडी घासणाऱ्यांना कळली होती. हे ऐकलं आणि माझ्या डोक्यात तिडीक गेली. रोग राहिला बाजूला, तो कुणाला झालाय हे गावभर करणाऱ्याला आधी उभं करून जाब विचारावा, असं मला सगळ्या नोकरीभर वाटत आलं आहे. नोकरी म्हणजे रायगड जिल्ह्यात कातडीचे रोग, गुप्तरोग आणि कुष्ठरोग. माझे पेशंट मागच्या दाराने यायचे आणि जाताना टॉवेल, पदर, हाताशी जे असेल त्याने तोंड झाकायचे. पुढे निवृत्त झाले, नवरा गेला, आणि मी, डॉक्टर मंदा सोहोनी, लेकीकडे कुवेतमध्ये मंगफला येऊन राहिले. लेक अक्षरा दिवसभर बँकेत, नात शाळेत. मी मराठीत विचारते, नात इंग्रजीत उत्तर देते, आणि बाकीचा दिवस रिकामा.

अशाच एका रिकाम्या दुपारी असमा आली. आमच्या इमारतीत तळमजल्यावर शिशुवर्ग आहे, तिथे ती काम करते. एरवी ही बाई मासळीवाल्याला भर रस्त्यात सुरमईच्या ताजेपणावरून फैलावर घेते. आज मात्र सोफ्याच्या कडेवर बसली आणि बराच वेळ बोटातली अंगठी फिरवत राहिली.

तिचा नवरा कासम हा रत्नागिरीकडचा. रिफायनरीच्या कामगारांना जेवण पुरवणारी एक ठेकेदार कंपनी आहे, तिथे तो मुख्य आचारी. अहमदीच्या कडेला कंपनीची कॉलनी आहे. राहायच्या खोल्या, मेस, छोटा दवाखाना, सगळं एका कुंपणात. जेवणाला हात लावणाऱ्या प्रत्येकाचं रक्त तिथे दरवर्षी तपासतात. यंदा तपासणी रमजानात झाली. ईदनंतर निकाल आला आणि कासमच्या नावापुढे सिफिलिस निघाला. कंपनीने त्याला अनफिट ठरवलं. गुरुवारच्या विमानाने भारतात परत पाठवणी.

मी असमाला विचारलं, तुझं रक्त तपासलंस का? तिने त्याच दिवशी बाहेर जाऊन तपासून घेतलं होतं. साफ होतं.

"मग कासमला पुन्हा रक्त द्यायला सांग," मी म्हटलं. "या तपासण्या कधीकधी चुकतात."

"तोच तर घोळ आहे, ताई. डॉक्टर स्वतः म्हणाले, पुन्हा देतोस का? तर हे नको म्हणाले." तिने पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "केलं नसेल तर माणूस तडफडून म्हणेल ना, घ्या माझं रक्त, पुन्हा बघा? हे मान खाली घालून बसलेत. मी काय समजायचं?"

ती रडली नाही. तिला राग आला होता आणि तो अगदी रास्त होता. पण माझ्या मनात वेगळंच आलं. ज्याने खरंच शेण खाल्लेलं असतं तो पुन्हा तपासा म्हणून सगळ्यात मोठ्याने ओरडतो, हे मी आयुष्यभर पाहिलं होतं. मान खाली घालून नको म्हणणारा माणूस मला पहिल्यांदाच भेटणार होता. कुठेतरी पाणी मुरत होतं.

२

कॉलनीच्या दवाखान्याचा डॉक्टर अरुण निघाला माझ्याच हाताखालचा. अलिबागच्या सरकारी दवाखान्यात त्याने माझ्याकडे उमेदवारी केली होती. मला दारात पाहून बिचारा उठून उभाच राहिला. मी त्याला बसूही दिलं नाही. बातमी मेसमध्ये कशी पोचली ते आधी विचारलं. त्याने मॅनेजरला फोनवर सांगितलं होतं म्हणे, दार उघडं होतं. मग मी विचारलं, पहिली तपासणी नुसता संशय दाखवते, खात्रीची दुसरी कुठाय? कासमने पुन्हा रक्त दिलं नाही, पहिल्या नळीतलं शिल्लक राहिलं नाही, आणि कंपनीच्या नियमात नकार म्हणजे अनफिट. हे सगळं त्याने खाली बघून सांगितलं.

"अरुण, मी तुला असं शिकवलं होतं?"

"नाही, मॅडम."

मग मी त्याची नर्स चंपा हिला गाठलं. चंपा चंद्रपूरची, इथे नवीनच लागलेली, कामाला चोख. नळ्यांची अदलाबदल झाली असेल का, असं मी नुसतं सुचवलं तर तिला मिरचीच झोंबली. आधी कार्ड हातात घ्यायचं, नाव नळीवर चिकटवायचं, मगच सुई, यात तिची कधी चूक होत नाही म्हणाली. कार्डावरचा फोटो बघतेस का, असं विचारल्यावर मात्र जरा घुटमळली. सगळे स्वयंपाकघरातून तसेच उठून आलेले, डोक्याला जाळी, तोंडाला मास्क. फोटो काय बघणार? पण सुई टोचण्यात आपला हात कोणी धरू शकत नाही, हे तिने मला दोनदा ऐकवलं. त्या सगळ्या आचाऱ्यांमध्ये एकालाही दुसऱ्यांदा टोचावं लागलं नव्हतं. प्रत्येकाचं रक्त कोपराच्या खळगीतून, पहिल्या फटक्यात.

मी तिचं कौतुक केलं आणि बाहेर पडले. दवाखान्याच्या पायरीवर एक तरणाबांड माणूस माझी वाट पाहत होता. मुख्य आचाऱ्याचा अॅप्रन त्याने आत्तापासूनच चढवला होता.

हा वाजिद, म्हसळ्याचा, कासमचा मदतनीस. गुरुवारनंतर कासमची जागा त्यालाच मिळणार होती.

"बाई, तुम्ही यात पडू नका," तो हळूच म्हणाला. "तुम्ही खोदत बसलात तर कासमभाईलाच जास्त त्रास होईल."

३

पडू नका म्हटलं की मी हमखास पडते. मी वाजिदला म्हटलं, चहा पाज, आणि त्याच्या मागोमाग मेसमध्ये गेले.

दुपारचं जेवण आटोपलं होतं. वाजिदकडून शब्द काढणं म्हणजे दगडातून तेल काढणं होतं, पण जागेचा विषय काढल्यावर तो दुखावला. जागा त्याने मागितलीच नव्हती. कासमनेच मॅनेजरला सांगितलं होतं, की माझ्यामागे या पोराला घ्या. आणि त्याचं स्वतःचं रक्त? तेही त्याच आठवड्यात दिलेलं, साफ. स्वयंपाकघरातल्या बाकी सगळ्यांचंही साफ. हे सांगताना त्याने माझी नजर चुकवली नाही. हा खोटं बोलत नव्हता, फक्त अर्धं बोलत होता.

चहा घेऊन उल्हास आला. हा मेसचा कोठीवाला, जालन्याचा. पोती, डबे, तेलाचे पिंप यांचा हिशेब त्याच्याकडे. गेली कित्येक वर्षं तो आणि कासम एका थाळ्यात जेवत आले होते. कासमच्या गावाकडची तशी रीत आहे, मोठ्या थाळ्यात भात पसरायचा आणि चौघांनी चार बाजूंनी बसायचं. उल्हासला त्यांनी पहिल्या दिवसापासून त्यात ओढलं होतं.

चहा उकळता होता. मी ग्लास पदरात धरला तरी बोटं पोळली. उल्हासने दुसरा ग्लास सबंध मुठीत धरून आणला आणि शांतपणे वाजिदपुढे ठेवला.

"बाई, ह्याला बघा," वाजिद विषय बदलायला म्हणाला. "आला तेव्हा सुका बोंबील होता. आता तोंडावर तुकतुकी बघा कशी आलीय, कान पण गुबगुबीत झालेत. कुवेत मानवलं ह्याला."

उल्हास ओशाळून हसला आणि टोपी भुवयांवर ओढून घेतली. पोरीचा साखरपुडा ठरलाय म्हणून खुशीत असेल, असं वाजिद पुढे म्हणाला. त्यावर मात्र उल्हासचं हसू मावळलं. मी निघाले तसा तो दारापर्यंत आला. त्याला काहीतरी विचारायचं होतं आणि ते विचारण्यापेक्षा मरण बरं असं त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

"ताई, त्यो रोग... काई वंगाळ न करता बी व्हतो का माणसाला?"

मी म्हटलं, कोणासाठी विचारतोस? तो म्हणाला, कासमभाईसाठी. आणि वळून भराभर कोठीत गेला. मी काय पाहिलं ते मी पाहिलं होतं. पण अजून एक दुवा जुळत नव्हता, म्हणून मी तोंड मिटून घरी आले.

४

दुसऱ्या दिवशी मी असमाच्या घरी गेले. मंगफलाच, दोन गल्ल्या सोडून. कासम खिडकीपाशी बसला होता. धिप्पाड, शांत माणूस, घरातसुद्धा मनगटापर्यंत बटणं लावलेला सदरा. मी तासभर डोकं आपटलं. तो आदराने बोलला, सरबत दिलं आणि कामाचं एक अक्षर सांगितलं नाही. तुम्ही माझ्या आईसारख्या, म्हणाला, पण हे सोडून बोला. स्वयंपाकघरात असमा भांडी जरुरीपेक्षा जास्त जोरात ठेवत होती.

मी हात टेकून उठणार तेवढ्यात अस्रची, म्हणजे तिसऱ्या प्रहरच्या नमाजाची, अजान झाली. कासम वजू करायला, हातपाय धुवायला, बेसिनशी गेला आणि त्याने बाह्या वर केल्या.

दोन्ही हात मनगटापासून कोपराच्या वरपर्यंत भाजल्याच्या जुन्या खुणांनी भरलेले होते. कधीतरी उकळतं तेल अंगावर आलं असणार. कातडी जाड, ओढलेली, चकाकणारी. कोपराच्या खळगीत शीर शोधायची म्हटली असती तर मलासुद्धा घाम फुटला असता. याचं रक्त काढायचं तर पंजाच्या मागून, तेही चार वेळा टोचून.

नमाज होईपर्यंत मी थांबले. मग म्हटलं, "कासम, नर्स म्हणते सगळ्यांचं रक्त कोपरातून, पहिल्या फटक्यात निघालं. तुमच्या कोपरातून ते निघणं शक्य नाही. ते रक्त तुमचं नव्हतं."

स्वयंपाकघरातला आवाज एकदम बंद झाला.

कासमने डोळे मिटले. मग हळूहळू सांगितलं. रोज्यात रक्त काढू नये असं त्याच्या वडिलांनी त्याला लहानपणापासून बजावलेलं. थोडं काढल्याने रोजा मोडत नाही असं मेसमधल्या पोरांनी समजावलं, पण त्याच्या मनाला पटेना. शिवाय मागच्या वर्षी टोचून टोचून त्याला भोवळ आली होती. आज नको, उद्या नको करता शेवटचा दिवस उजाडला, चुलीवर इफ्तारचा स्वयंपाक होता, दवाखाना दुपारीच बंद होतो. तेव्हा एकाने म्हटलं, तुझं कार्ड दे, मी हात देऊन येतो.

"कोणी?"

"ते नाव माझ्या तोंडून निघणार नाही, बाई. मी दुसऱ्यांदा रक्त दिलं आणि साफ निघालं, की पहिलं कोणाचं ते शोधतील. त्याला पोरगी आहे, तिचं जमलंय. मी म्हातारा होत चाललो. मी गेलो तर काय बिघडतं?"

असमा दारात उभी होती. तिचा आवाज थंड होता.

"माझं काय बिघडतं ते मला विचारलंत?"

विमान दुसऱ्याच दिवशीचं होतं.

५

सकाळी मी अरुणच्या खोलीचं दार आतून लावलं. कासम, असमा, चंपा आणि अरुण. उल्हासलाही बोलावलं होतं, कोठीतल्या प्रथमोपचार पेटीची औषधं तपासायची म्हणून. वाजिद न बोलावता आला आणि मी त्याला राहू दिलं, कारण त्याला निम्मं ठाऊक होतंच. कार्ड देताना त्याने पाहिलं होतं.

मी आधी कासमच्या हातांबद्दल सांगितलं. बाह्या वर करायला लावल्या. चंपा पुढे आली, तिने बोटांनी शीर चाचपडली आणि मान हलवली. हे हात तिने कधीच पाहिले नव्हते.

"मग रक्त कोणाचं?" अरुणने विचारलं.

मी म्हटलं, डोकं चालव. स्वयंपाकघरातल्या प्रत्येकाने आपापल्या कार्डावर रक्त दिलं आणि प्रत्येकाचं साफ आलं. त्यातल्या कोणी कासमच्या नावाने दुसऱ्यांदा हात पुढे केला असता, तर तेही साफच आलं असतं. म्हणजे वाजिद नाही, त्याच्या हाताखालचे नाहीत. रक्त देणारा असा हवा, जो मेसमध्ये वावरतो, कासमच्या जिवाभावाचा आहे, पण ज्याचं स्वतःचं रक्त तपासायचा नियमच नाही. कारण कंपनीच्या कागदावर तो जेवणाला हात लावत नाही.

नाव मी घेतलं नाही. घ्यावं लागलं नाही. उल्हास उठून उभा राहिला होता.

"म्या दिलं. निकाल आल्यावर दुसऱ्याच दिवशी सांगणार व्हतो, भाईनं पोरीची शपथ घातली." तो कासमकडे वळला. "पर भाई, म्या काई केलं नाई. कितींदा सांगितलं तुला. तुला बी खरं वाटलं नाई."

कासमची मान खाली गेली. त्याला ते खरं वाटलंच नव्हतं. मित्राचा पाय घसरला असं धरून चालूनच तो त्याच्यासाठी घरदार सोडून निघाला होता.

"ते खरं बोलतायत," मी म्हटलं.

अरुण म्हणाला, मॅडम, तपासणीत आलंय. त्याला मी पुढे बोलू दिलं नाही. पहिली तपासणी खोटं बोलते कधी, ते मी याला स्वतः शिकवलं होतं. मलेरियात बोलते, सांधेदुखीच्या काही रोगांत बोलते, आणि आणखी एका रोगात बरेचदा बोलते. सगळ्यांसमोर बघू का, असं मी उल्हासला विचारलं आणि त्याने होकार दिल्यावर त्याची टोपी काढली. भुवया बाहेरच्या बाजूने झडल्या होत्या. तोंडावरची ती तुकतुकी, ज्याला सगळे तब्येत म्हणत होते, ती कातडी आतून फुगल्याची होती. कानाच्या पाळ्या जाड झालेल्या. मी त्याच्या कोपरामागे हात घातला आणि अरुणला म्हटलं, इथे बोट ठेव. तिथला मज्जातंतू दोरीसारखा जाड लागत होता.

"डोळे मीट," मी उल्हासला सांगितलं. पेनाचं टोक त्याच्या करंगळीवर टेकवलं. टोचतंय का? तो म्हणाला, ताई, अजून टेकवलंच कुठं?

पेन अजून त्याच्या करंगळीवरच होतं.

"कुष्ठरोग," अरुण पुटपुटला.

"हो. महारोग म्हणायचं नाही, माझ्यासमोर तर मुळीच नाही. हा कोणाच्या चालचलणुकीने होत नाही. श्वासातून येतो, वर्षानुवर्षं दडून राहतो, आणि गोळ्यांनी बरा होतो. पूर्ण बरा. औषध सुरू झालं की थोड्याच दिवसांत याच्यापासून कोणालाही धोका राहत नाही. आणि हे मी पुस्तकातून सांगत नाहीये. माझे किती पेशंट आज आजोबा झालेत."

उल्हास मटकन खाली बसला. मला वाटलं घाबरला. पण तो रडत होता आणि रडता रडता एकच म्हणत होता, म्हणजे म्या वंगाळ नाई, भाई, म्या वंगाळ नाई. कासमने त्याला धरलं.

६

पुढचं अरुणने केलं आणि ते चांगलं केलं, हे मी कबूल केलंच पाहिजे. त्याने त्याच सकाळी विमान रद्द करवलं. कासमचं रक्त पंजाच्या मागून काढलं, साफ. उल्हासची खात्रीची तपासणी केली, त्यात सिफिलिस नव्हता. कानाच्या पाळीतून घेतलेल्या नमुन्यात मात्र कुष्ठरोगाचे जंतू स्वच्छ दिसले. सरकारी रुग्णालयातल्या कातडीच्या डॉक्टरबाई कुवेती, माझ्याच वयाच्या. आम्ही मोडक्या इंग्रजीत अर्धा तास गप्पा मारल्या आणि दोघींचं सगळ्या बाबतीत जमलं. त्यांनी औषध सुरू केलं, उल्हासच्या खोलीतल्यांना आणि एका थाळ्यातल्यांना खबरदारीच्या गोळ्या दिल्या, आणि याला कामावरून काढायचं कारण नाही असं लिहून सही केली. मॅनेजर तरी कुरकुरत होता. तेव्हा अरुण त्याला म्हणाला, की या माणसाला पाठवलंत तर पुढच्या आजारी माणसाने लपून राहावं असं तुम्हीच सांगताय, आणि लपलेला रोग तुमच्या सगळ्या मेसला पुरेल. पोराचा मला अभिमान वाटला. कासमला दुसऱ्याला कार्ड दिल्याबद्दल सक्त ताकीद मिळाली. चंपा आता प्रत्येकाचा मास्क उतरवून फोटो बघते.

असमाचं मात्र एवढ्यावर भागलं नाही. नवरा निर्दोष निघाला म्हणून ती हुरळून गेली नाही. "माझ्यावर विश्वास टाकायच्या ऐवजी यांनी मला जळू दिलं," असं तिने मला सांगितलं आणि ते तिचं खरं होतं. कासमशी ती कामापुरतंच बोलत होती.

पुढच्या आठवड्यात शुक्रवारी जुम्म्याच्या नमाजनंतर उल्हासने स्वतः ठरवलं, की मेसमध्ये सगळ्यांना आपल्याच तोंडाने सांगायचं. मी नको म्हटलं होतं. तो म्हणाला, ताई, मागं कुजबूज झाली की काय व्हतं ते पाहिलं नाई का. आणि टोपी न घालता तो भर जेवणाच्या वेळी उभा राहिला. रोगाचं नाव घेतलं, औषध सुरू झाल्याचं सांगितलं आणि आपल्या जागी जाऊन बसला.

मग बाकं सरकल्याचे आवाज आले. उल्हासच्या शेजारचे दोघे काही न बोलता आपापली ताटं घेऊन उठले. त्यांना गोळ्या मिळाल्या होत्या, मी स्वतः त्यांना समजावलं होतं, तरी उठले. हे मी जन्मभर पाहिलं होतं आणि अजून सवय झाली नव्हती.

कासम स्वयंपाकघरातून आला. हातात मोठा थाळा, त्यात भात आणि माशाचं कालवण. तो जमिनीवर बसला, उल्हासला समोर बसवलं, थाळा मधे ठेवला आणि दोघांनी जेवायला सुरुवात केली. वाजिद आला, तिसऱ्या बाजूला बसला. चौथी बाजू रिकामी राहिली आणि सगळी मेस त्या रिकाम्या जागेकडे बघत होती.

असमा माझ्यासोबत दाराशी उभी होती. या मेसमध्ये बायका कधी जेवत नाहीत. तिने ओढणी नीट केली, इतक्या पुरुषांमधून सरळ चालत गेली आणि थाळ्यापाशी जाऊन नवऱ्याला म्हणाली, "सरका जरा. मलाही भूक लागलीय."

कासम तिच्याकडे बघतच राहिला. मग सरकला. असमाने उल्हासपुढच्या भातातून पहिला घास घेतला, कालवणात मीठ कमी पडलंय म्हणून नवऱ्याला सुनावलं, आणि कासम इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसला.

उठून गेलेल्या दोघांपैकी एक परत आला. मग दुसरा. मग मागच्या बाकावरून चौघेजण ताटं घेऊन आले आणि थाळ्याभोवती दाटीवाटीने बसले. शेवटी अरुणसुद्धा पँट वर ओढून खाली बसला. मला जागा कोणी दिली नाही, ती मी धक्के देऊन मिळवली.

त्या दुपारी भात कमी पडला आणि कासमला पुन्हा शेगडी पेटवावी लागली.